चढायची शिल्पं: टॉम लकी यांच्या ‘क्लाइंबर’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांसाठी चढायची शिल्पं घडवणाऱ्या टॉम लकींबद्दल मी लिहायला-बोलायला लागलो, तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. आईवडिलांचे, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचे, शाळा चालवणाऱ्यांचे. एका आजोबांना फक्त ‘मोठ्या माणसाला वर जाता येतं का’ एवढंच हवं होतं. तेच ते प्रश्न फिरून येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिलाय. मी स्वतः खेळाच्या जागा आखायचं काम करतो, त्यामुळे अधूनमधून माझं मत डोकावेल. ते मत म्हणूनच वाचा.

१. ‘क्लाइंबर’ म्हणजे नक्की काय? जंगल जिमलाच दिलेलं भारदस्त नाव का?

नाही. जंगल जिम म्हणजे नळ्यांचा चौकटी-चौकटींचा सांगाडा. त्यात पुढची पकड कुठे आहे हे मुलाला आधीच ठाऊक असतं. लकींचा क्लाइंबर म्हणजे उंच दालनात किंवा जिन्यालगतच्या मोकळ्या पोकळीत टांगलेलं एक वळणावळणाचं प्रकरण. वाकवलेल्या प्लायवुडच्या पाकळीसारख्या फळ्या एकीवर एक रचलेल्या, पण एकही दुसरीच्या बरोबर वर नाही. सगळ्या पोलादी दोरांनी आणि नळ्यांनी धरून ठेवलेल्या, आणि भोवती प्लास्टिकचा थर दिलेल्या तारेची जाळी. मूल खालून आत शिरतं आणि दोन पाकळ्यांमधल्या फटीतून अंग काढत वर सरकतं. शिडी नाही, पायऱ्या नाहीत, ‘इकडून जा’ म्हणणारे बाण नाहीत.

२. टॉम लकी कोण होते?

अमेरिकन शिल्पकार-आर्किटेक्ट. जन्म १९४०, शिक्षण येल विद्यापीठात, काम कनेक्टिकट राज्यात. सरळ भिंतींच्या इमारतींमध्ये त्यांचा जीव फारसा रमला नाही. चमत्कारिक फर्निचर आणि फिरते पाळणे करत करत ते मुलांच्या चढण्याकडे वळले. १९८०च्या दशकात बॉस्टनच्या बालसंग्रहालयात त्यांचा क्लाइंबर लागला आणि मग अमेरिकेतल्या इतर बालसंग्रहालयांतूनही तशी कामं येत गेली.

२००५ साली ते खिडकीतून पडले. मानेला इजा होऊन हातपाय निकामी झाले. (क्लाइंबरवरून पडले का, असं हमखास विचारलं जातं. नाही. खेळण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.) त्यानंतरही काम थांबलं नाही. बॉस्टनच्या त्याच संग्रहालयाची इमारत वाढवून २००७ साली पुन्हा उघडली, तेव्हा तिथे तीन मजली नवा क्लाइंबर उभा होता. त्यात मुलगा स्पेन्सर यांचा मोठा हात होता. तेही येलमध्येच शिकलेले आर्किटेक्ट. बाप-लेकाच्या त्या काळातल्या ओढाताणीवर एक माहितीपटही निघाला. टॉम लकी २०१२ साली गेले. काम स्पेन्सर यांनी पुढे चालू ठेवलं.

३. याला शिल्प म्हणायचं, खेळणं म्हणायचं की इमारत?

विद्यार्थ्यांचा लाडका प्रश्न. आत शिरलेल्या मुलाला विचाराल तर तिन्ही नाही. पण कागदोपत्री तिन्ही म्हणावं लागतं आणि खरी गंमत तिथेच आहे. वजन तोलायचं गणित इमारतीचा इंजिनिअर करतो, फटी आणि कडा खेळणी तपासणारा मोजतो, आणि पैसे देणारे विचारतात, ‘दिसायला कसं आहे?’ तिघांनाही ‘हो’ म्हणायला लावणं हेच या कामातलं निम्मं काम. सुंदर दिसणारं पण मुलं ज्यावर दोनदाच चढतात असं शिल्प मी पाहिलंय. तिसऱ्यांदा ती शेजारच्या कठड्यावर चढत होती.

४. फळ्या अधांतरी कशा राहतात? हलत कशा नाहीत?

दोन दोरांनी टांगलेली फळी म्हणजे झोपाळा. चार दोर सरळ खाली सोडले तरी ती झुलतेच, फक्त सपाट राहून झुलते. ती जागच्या जागी राहायला हवी असेल तर दोर तिरके हवेत, वेगवेगळ्या दिशांना ओढणारे, आणि काही खालूनही ओढणारे. तंबू तणाव्यांनी ताणून उभा करतात, तसंच. सगळे दोर टर्नबकलने (दोर ताणायच्या पेचाने) पिळून ताणले की फळीला हलायला वाव राहत नाही.

हिशोब करताना एक चूक नवखे हटकून करतात: पंचवीस मुलं सगळीकडे सारखी पसरली आहेत असं धरून चालतात. मुलं सारखी पसरत नाहीत. वरून कुणी ‘ए, इकडे बघ’ म्हटलं की सगळी एकाच फळीच्या एकाच कडेला गोळा होतात. गणित त्या क्षणाचं करायचं.

किंचित हलणं मात्र वाईट नव्हे. पायाखाली जरा थरथरलं की मूल आपोआप दोन्ही हातांनी धरतं.

५. प्लायवुड इतकं वाकतं कसं? तुटत नाही?

जाड प्लाय वाकत नाही, पातळ वाकतं. म्हणून जाड फळी घेऊन वाकवत बसत नाहीत. पातळ थर घ्यायचे, मध्ये गोंद लावायचा, साच्यावर ठेवून शिकंजांनी आवळायचे. गोंद वाळला की थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत आणि वळण कायमचं होतं. शिकंजे काढल्यावर फळी थोडी उघडते, म्हणून साचाच हवा त्यापेक्षा जरा जास्त वळवलेला ठेवावा लागतो. किती जास्त, हे हाताला कळायला दोन-चार फळ्या वाया जातात.

आता एक कागद हातात घ्या. नळीसारखा वळवा: वळतो. शंकूसारखा वळवा: तेही जमतं. आता त्याची वाटी करून बघा. कडेला चुण्या पडतात. प्लायचंही हेच. एका दिशेने हवं तेवढं वळण घेईल, एकाच वेळी दोन दिशांना म्हटलं की हटून बसेल. अशा रचनांमधल्या फळ्या पिळलेल्या पानासारख्या, शंकूच्या तुकड्यासारख्या दिसतात आणि वाटीसारखी एखादीच दिसते, ते यामुळे. आकार कल्पनेतून आल्यासारखा वाटतो, पण त्यातला बराचसा प्लायनेच सांगितलेला असतो. तुम्ही आर्किटेक्चर शिकत असाल तर संगणकावर बसण्याआधी जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून हे करून पाहा. संगणक वाटीलाही नाही म्हणत नाही.

६. तीन मजले उंच! मूल पडलं तर?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून जरा सावकाश सांगतो.

उंची दोन असतात. एक मुलाला जाणवते ती: खालची माणसं लहान दिसतात, पोटात गोळा येतो. दुसरी पडायची उंची: पाय सुटला तर अंग प्रत्यक्षात किती खाली जाऊन कशावर आपटेल. झाडावर, जिन्यावर, गच्चीवर या दोन्ही सारख्याच असतात. लकींच्या रचनेत त्यांची फारकत केली आहे. मूल तिसऱ्या मजल्यावर असतं, पण त्याच्या पायाखाली हाताच्या अंतरावर दुसरी पाकळी असते, तिच्याखाली तिसरी, आणि बाहेरच्या बाजूला जाळी. पोटात गोळा तीन मजल्यांचा, पडणं गुडघाभर.

उघड्यावरच्या खेळण्यांना ही सोय नसते. म्हणून युरोपच्या ईएन ११७६ या मानकात पडायच्या उंचीला ३ मीटरची मर्यादा घातली आहे आणि खाली धक्का शोषणारी जमीन सांगितली आहे (प्रश्न १६).

मग काहीच लागत नाही का? लागतं. टेंगूळ येतं, कोपर सोलवटतं, एकाचा गुडघा दुसऱ्याच्या दातावर बसतो. काहीच लागणार नाही असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याने मुलं पाहिलेली नाहीत.

७. फटी इतक्या विचित्र मापाच्या का? काही अगदी अरुंद, काही भसाभस मोठ्या, मधलं माप दिसतच नाही.

छान निरीक्षण. मधलं मापच घातक असतं. मूल पायाकडून घसरलं तर कंबर निघून जाईल, छाती निघून जाईल, पण डोकं अडकेल अशी फट म्हणजे फाशी. त्यामुळे सुमारे ८९ मिलिमीटर ते २३० मिलिमीटर यांच्या दरम्यानची बंदिस्त फट ठेवायची नाही, असा नियम अमेरिकेत आणि युरोपात, दोन्हीकडे जवळपास याच आकड्यांनी आहे. एकतर धड आत जाणारच नाही इतकी अरुंद, नाहीतर डोक्यासकट सगळं पार होईल इतकी मोठी. तपासणारे मुलाच्या धडाच्या आणि डोक्याच्या मापाचे ठोकळे घेऊन येतात आणि प्रत्येक फटीत घालून बघतात. बोटांसाठी वेगळी कांडी असते. युरोपच्या मानकात बोट अडकू शकेल अशा जागी ८ ते २५ मिलिमीटरची भोकं चालत नाहीत.

वाकड्या फळ्यांमध्ये एक छुपी अडचण असते. दोन कडा वरून खाली निमुळत्या होत ‘व्ही’सारख्या मिळाल्या तर वरचं माप बिनधोक असूनही मान खाली सरकत जाऊन अडकते. माझ्या पहिल्या मोठ्या नमुन्यात मी नेमकं हेच केलं होतं. नकाशावर प्रत्येक फट मापात होती. तपासायला आलेल्या बाईंनी ठोकळा वरच्या तोंडाशी धरला आणि सोडून दिला. तो घरंगळत कोपऱ्यात जाऊन असा बसला की काढायला हातोडी लागली. बाई काही बोलल्या नाहीत, वहीत लिहीत राहिल्या. ती फळी अजून माझ्या कामाच्या जागी भिंतीला टांगलेली आहे.

८. मूल मध्येच घाबरलं, अडकलं, तर काढायचं कसं?

अडकलं आणि घाबरलं, या दोन वेगळ्या गोष्टी. खरोखर अडकणं विरळा, कारण फटी प्रश्न ७ प्रमाणे ठेवलेल्या असतात. गरज पडलीच तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आत जाऊन मुलापर्यंत पोचता येईल अशी वाट ठेवावी लागते. घाबरणं रोजचं.

एकदा अशाच एका रचनेखाली मी तासभर बसलो होतो. साधारण सहा वर्षांची मुलगी पाचव्या-सहाव्या पाकळीवर जाऊन थांबली. वरची फट तिला उंच वाटत होती, खालची दिसत नव्हती. ती फळीवर पालथी पडून कडा घट्ट धरून राहिली. खाली तिचे बाबा आधी ‘काही होत नाही’, मग ‘पाय खाली सोड’, मग ‘डावा, डावा!’ असं ओरडायला लागले. तिला डावा-उजवा सुचत नव्हता. ती आणखीच घट्ट झाली. शेवटी बाबा दमून गप्प बसले. मिनिटभराने तिने हळूच एक पाय मागे नेला, बोटांनी चाचपलं, काहीच लागलं नाही, परत घेतला. मग दुसरीकडे चाचपलं. अंगठा टेकला. तिथून ती सरसर खाली आली, आणि बाबा बूट घालायला सांगत होते तोवर पुन्हा वर गेली.

तेव्हा, मूल रडून बेजार झालं नसेल तर दोन मिनिटं गप्प राहा. सूचना द्यायचीच तर एकच द्या, आणि ती पायाबद्दल नको, नजरेबद्दल द्या: ‘खाली निळी फळी दिसते का बघ.’

९. माझं मूल पहिल्याच पाकळीवर चढू शकत नाही. उचलून वर ठेवलं तर चालेल का?

नका ठेवू. जे चढून गेलं त्याला उतरायची वाट शरीराला ठाऊक असते. जे उचलून ठेवलं त्याला नसते. पहिली पायरी मुद्दाम उंच ठेवणं ही आम्हा लोकांची जुनी युक्ती आहे: तिथेच चाळणी लागते आणि पाटीची गरज उरत नाही.

याच जातीची दुसरी चूक घसरगुंडीवर होते. लहानग्याला मांडीवर घेऊन मोठं माणूस घसरतं, मुलाचा बूट कडेला अडकतो, आणि मागे मोठ्याचं सगळं वजन असतं. पाय मोडतो. ते मूल एकटं घसरलं असतं तर नुसतं थांबलं असतं.

१०. कोणत्या वयापासून?

जिथे जाल तिथली पाटी पाहा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खेळाची साधनं २ ते ५ आणि ५ ते १२ अशी वेगळी धरली जातात, आणि उंच रचना दुसऱ्या गटाच्या असतात. वयापेक्षा मला एक खूण जास्त भरवशाची वाटते: मूल सोफ्यावरून मागे सरकत, पाय आधी, उतरतं का? उतरत असेल तर त्याला वळणदार फळीवरून परत येता येईल.

११. कपडे-बूट काय घालावेत? सायकलचं हेल्मेट घातलं तर जास्त सुरक्षित ना?

हेल्मेट काढा. हे ऐकून लोक दचकतात. सायकलवर जे डोकं वाचवतं तेच चढताना गळफास होऊ शकतं: हेल्मेट घातलेलं डोकं मोठं होतं, फटींची मापं उघड्या डोक्यासाठी ठरवलेली असतात (प्रश्न ७), आणि अडकलं तर हनुवटीखालचा पट्टा गळ्यात बसतो. टोपीची नाडी, ओढणी, गळ्यातला दोरा, लांब मफलर यांचंही तेच. बूट की अनवाणी, हे जागेवर ठरतं. नुसते मोजे मात्र गुळगुळीत प्लायवर घसरतात.

१२. जी मुलं चढू शकत नाहीत त्यांचं काय? व्हीलचेअरवरच्या मुलाला इथे काही आहे का?

सरळ सांगायचं तर चढण्यावरच उभी असलेली रचना काही मुलांना बाहेर ठेवते, आणि ‘सगळ्यांसाठी’ अशी पाटी लावून ते लपत नाही. काही गोष्टी करता येतात. व्हीलचेअरच्या बैठकीच्या उंचीचा एक रुंद ओटा ठेवायचा, म्हणजे हातात ताकद असलेलं मूल खुर्चीवरून त्यावर सरकतं आणि तिथून पुढे हातांवर जातं. खालच्या थरातल्या काही पाकळ्या रुंद आणि उतरत्या ठेवायच्या. वर गेलेल्या मुलाशी खालून बोलता येईल अशा नळ्या ठेवायच्या. तरीही वरची पाकळी सगळ्यांना मिळत नाही.

लकी स्वतः आयुष्याची शेवटची वर्षं व्हीलचेअरवर होते आणि आपण कल्पिलेल्या रचनांवर त्यांना चढता येत नव्हतं. लोक यातून काहीबाही बोध काढतात. मला त्यात एवढंच दिसतं की बाजूला दुसरं, तितकंच भारी काहीतरी लागतं. तितकंच भारी, हे महत्त्वाचं. कोपऱ्यातली वाजवायची घंटा नव्हे.

१३. मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) आहे. काही खबरदारी?

लाकूड आणि दोरांबद्दल खास नाही. प्लास्टिकच्या घसरगुंड्यांवर घासून स्थिर वीज तयार होते आणि ती अशा यंत्राला त्रासदायक ठरू शकते. तुमच्या मुलाच्या यंत्राला हे कितपत लागू आहे आणि बाहेरचा भाग काढून ठेवायचा का, हे ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, आधी विचारा.

१४. हे सगळं इतकं मोजूनमापून सुरक्षित केलं, तर मग त्यात साहस उरलं कुठे?

याच्या नेमकी उलट तक्रारही येते (‘मुलांना इतकं घाबरवायचं कशाला?’), म्हणून दोन्हींना एकच उत्तर.

नॉर्वेच्या अभ्यासक एलन सॅंडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोक्याची हत्यारं, पाणी-आगीसारख्या धोक्याच्या गोष्टी, झोंबाझोंबी, आणि नजरेआड होणं. क्लाइंबरमध्ये पहिला आणि शेवटचा, दोन्ही एकत्र मिळतात. मूल उंचही जातं आणि पाकळ्यांआड दिसेनासंही होतं. भीती खरी असते, निर्णयही खरा असतो. खोटी असते ती फक्त शिक्षा.

डेन्मार्कच्या लँडस्केप आर्किटेक्ट हेले नेबेलाँग यांचा एक मुद्दा मला पटतो. शिडीच्या सगळ्या पायऱ्या सारख्या अंतरावर असल्या की मुलाला पाय कुठे पडतोय हे बघावंच लागत नाही, आणि ती बेफिकिरी मग वेड्यावाकड्या जगात घातक ठरते. लकींच्या फळ्यांमध्ये दोन अंतरं सारखी सापडत नाहीत. तिथे प्रत्येक पावलाला बघावं लागतं. नियमांचं पुस्तक फटींचं कमाल-किमान माप सांगतं. सगळ्या फटी सारख्या ठेवा असं कुठेच म्हणत नाही. सारखेपणा आपण आळसाने आणतो, कारण तो स्वस्त पडतो.

१५. लकींच्या आधी असं काही कुणी केलं होतं का?

बरंच. आणि सुरुवात एका गणितज्ञाच्या घरात होते. चार्ल्स हिंटन चौथ्या मितीवर लिहायचे. मुलांना तीन मिती अंगात मुराव्यात म्हणून त्यांनी जपानमध्ये असताना बांबूचा चौकटींचा सांगाडा बांधला आणि आकडे पुकारून मुलांना त्या-त्या चौकाकडे पळवलं. मुलांना गणित किती आलं कोण जाणे, माकडासारखं लोंबकळणं मात्र आवडलं. त्यांचा मुलगा सेबॅस्टियन शिकागोत पेटंटचा वकील झाला, आणि लहानपणीची ती आठवण काढून १९२०च्या सुमारास त्याने जंगल जिमचं पेटंट मागितलं. सुरुवातीचे जंगल जिम शिकागोजवळच्या विनेट्का गावातल्या शाळांमध्ये उभे राहिले.

दुसरा धागा शिल्पकारांचा. इसामु नोगुची यांनी १९३३ साली न्यूयॉर्कसाठी अख्खा डोंगरच खेळणं म्हणून सुचवला: पायऱ्या, उतार, घसरण, सगळं एकाच आकारात. शहराच्या उद्यानप्रमुखांनी तो धुडकावला. नोगुची म्हातारे होईपर्यंत ती कल्पना धरून बसले. अटलांटातलं त्यांचं खेळाचं मैदान १९७६ साली झालं, तेही एका कलासंग्रहालयाच्या पुढाकाराने. आणि खेळाचा डोंगर शेवटी जपानमधल्या साप्पोरोत, मोएरेनुमा उद्यानात ३० मीटर उंच उभा राहिला. उद्यान पूर्ण होऊन २००५ साली खुलं झालं. नोगुची १९८८ सालीच गेले होते.

डच आर्किटेक्ट आल्डो फान आइक यांची तऱ्हा उलटी. एकच भव्य गोष्ट करण्याऐवजी त्यांनी १९४७ ते १९७८ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये सातशेहून अधिक छोट्या खेळाच्या जागा केल्या. पडीक कोपरे, घरं पाडून उरलेल्या मोकळ्या जागा. वाळूचा हौद, उड्या मारायचे ठोकळे, नळ्यांची कमान, नळ्यांचा घुमट. हत्ती-जिराफ मुद्दाम नाहीत. घुमट हा आज किल्ला, उद्या बर्फाचं घर होऊ शकतो. हत्ती मात्र रोज हत्तीच.

आणि जपानी कलाकार तोशिको होरिउची मॅकअ‍ॅडम. त्या धाग्यांची शिल्पं करायच्या. एका प्रदर्शनात दोन मुलं त्यांच्या टांगलेल्या जाळीवर चढून बसली, जाळी हलायला लागली, आणि बाईंना आपलं काम सापडलं. तेव्हापासून त्या हाताने क्रोशाने विणलेल्या, रंगवलेल्या नायलॉनच्या प्रचंड जाळ्या करत आल्या. जपानमधल्या हाकोनेच्या खुल्या संग्रहालयात २००९ साली तेझुका आर्किटेक्ट्सनी अशा जाळीसाठी लाकडी मंडप उभारला. जाळीवर एका मुलाने उडी मारली की दुसऱ्या टोकाचं मूल उचललं जातं. लकींच्या पाकळीवर मूल एकटं असतं; इथे कुणीच एकटं नसतं. मला विचाराल तर दोन्हींमध्ये डावं-उजवं करू नये, पण माझ्या मुलीने पहिल्या दिवशीच जाळीचा पक्ष घेतला.

१६. आमच्या शाळेच्या अंगणात असं काही करायचंय. कुठून सुरुवात करू?

जमिनीपासून. लोक आधी रचना ठरवतात आणि खालच्या जमिनीचा विचार पैसे संपल्यावर करतात. उघड्या जागी, भोवती जाळी नसेल तर पडणारं मूल जमिनीवरच पडणार. माती आणि हिरवळ धक्का शोषणारी म्हणून धरत नाहीत. ती तुडवून दगडासारखी होते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेप्रमाणे दबून ९ इंच उरलेली वाळू ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते, आणि तितकेच लाकडाचे तुकडे १० फुटांपर्यंत. भोवती सगळीकडून किमान ६ फूट जागा मोकळी सोडायची. अंगणात तेवढी जागा नसेल तर उंची कमी करा, जागा नाही.

दुसरं म्हणजे लकींच्या कामाची फोटोवरून नक्कल करू नका. हक्कांचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे फोटोत दोरांचा ताण दिसत नाही (प्रश्न ४) आणि फटींची मापंही दिसत नाहीत. इंजिनिअर आणि सुरक्षा तपासनीस पहिल्या स्केचपासून सोबत घ्या. पैसे बेताचे असतील तर तीन चांगल्या, वाकड्या, कमी उंचीच्या फळ्या एका कंटाळवाण्या मनोऱ्यापेक्षा बऱ्या. आणि लाकूड जुनं, कुठूनतरी उचललेलं असेल तर आधी त्यावर आर्सेनिकचं औषध मारलेलं आहे का ते विचारा. अशी प्रक्रिया पूर्वी सर्रास व्हायची.

१७. देखभाल किती?

सुंदर गोष्टींना लागते तेवढी, म्हणजे बरीच. रोज डोळ्यांनी: काही सैल, काही तुटलेलं, कुणाचा बूट अडकलेला. ठरावीक दिवसांनी हाताने: प्रत्येक दोराचा ताण, प्रत्येक बोल्ट, जाळीचे जोड, प्लायच्या कडा. कड सुटायला लागली की थर उलगडतात आणि कुसळं निघतात. दोराची एक तार तुटून वर आली असेल तर ती दिसत नाही, हाताला लागते; म्हणून चिंधी दोरावरून फिरवायची, अडकली की तिथे बघायचं. उलटी साफ करायला माणूस आत कसा जाणार, हे नकाशावर असतानाच ठरवा. हा विनोद नाही.

१८. त्यापेक्षा मुलाला सरळ झाडावर चढू दिलं तर?

द्या की. झाड चांगलं असेल, तुम्ही जवळ असाल आणि प्रश्न ६ मधल्या दोन उंच्यांमधला फरक तुम्हाला कळला असेल, तर जरूर. झाडावर त्या दोन्ही एकच असतात, एवढं लक्षात ठेवा.

१९. हे काम शिकायचं असेल तर कुठला कोर्स करायचा?

या नावाचा कोर्स शोधत बसू नका. आर्किटेक्चर, शिल्पकला, औद्योगिक डिझाइन, इंजिनिअरिंग, कुठूनही लोक इथे येतात. सुतारकाम मात्र हाताने केलेलं हवं. आणि महिन्यातून एक दिवस कुठल्याही खेळाच्या जागेवर वही घेऊन बसा. रचनाकाराने सांगितलेल्या वाटेने मुलं कुठे जात नाहीत तेवढंच टिपा.

२०. मोठ्या माणसांना वर जाता येतं का?

ठिकाणाच्या नियमांवर अवलंबून. रचना तुमचं वजन पेलेल, कारण अडकलेल्या मुलापर्यंत कर्मचाऱ्याला जावं लागतं (प्रश्न ८). प्रश्न वजनाचा नसून घडीचा आहे: आठ वर्षांच्या मुलासाठी ठेवलेल्या वळणात तुमचे खांदे वळतात, पण मांडीचं हाड वळत नाही. वर जाणं एकवेळ जमतं, उतरताना गुडघे हनुवटीशी येतात.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या आजोबांना मी हेच कळवलं होतं. त्यांचं उलट उत्तर आलं: ‘गुडघ्यांचं मी बघतो, फट किती इंचाची असते तेवढं सांगा.’ मी त्यांना प्रश्न ७ पाठवून दिला.